कुरआन समजून वाचायला बसताना: मनावरचे पडदे कसे ओळखायचे

आमच्याकडं निपाणीत रविवारी मगरिबची, म्हणजे सूर्यास्तानंतरची, नमाज झाली की सहा-सात जण कुरआन घेऊन बसतात. एका बाजूला अरबी मजकूर, शेजारी मराठी भाषांतर. कुणी संकेश्वरहून येतं, कुणी चिकोडीहून. एक शिक्षक मराठा घरातले आहेत, तेही नेमानं येतात. नवा माणूस पहिल्यांदा आला की त्याचं पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं: "मला अरबी येत नाही की. काय कळणार?"

हा लेख त्या नव्या माणसासाठी आहे. तो मुसलमान असेल, लहानपणी नाजरा (नुसतं बघून अरबी वाचणं) शिकून अर्थ न कळता डझनभर खत्म (पूर्ण कुरआनचं वाचन) केलेला असेल, किंवा शेजाऱ्याचा ग्रंथ एकदा नीट वाचावा म्हणून आलेला असेल. दोघांनाही अडवणाऱ्या गोष्टी बऱ्याच अंशी सारख्याच आहेत. इस्लामी परंपरेतल्या थोर विचारवंतांनी त्यांना पडदे म्हटलंय, आणि ते ओळखायचे कसे, बाजूला कसे सारायचे हेही सांगून ठेवलंय.

आधी भाषेची तक्रार बाजूला ठेवा

आपण सीमाभागातली माणसं. घरात मराठी, गल्लीत दखनी, शाळेत आणि कचेरीत कन्नड, मदरशात उर्दू आणि नमाजेत अरबी. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून भाषेवरून आपण काय काय पाहिलंय ते मी सांगायला नको. त्यामुळं काही कळलं नाही की दोष भाषेवर टाकायची आपल्याला सवयच लागली आहे.

पण एक गोष्ट बघा. कुरआन पहिल्यांदा ज्यांच्या कानावर पडलं, त्या मक्केतल्या कुरैश टोळीच्या सरदारांना अरबी आपल्यापेक्षा कितीतरी चांगली येत होती. कवितेवर जीव टाकणारी माणसं ती. शब्द न् शब्द त्यांना कळत होता. तरी बहुतेकांनी पाठ फिरवली. पुढं मदीनेतले दांभिकही अरबीच बोलत, आणि त्यांच्याबद्दल ४७ व्या सूरहच्या (अध्यायाच्या) २४ व्या आयतीत (वचनात) प्रश्न येतो: हे लोक कुरआनवर विचार करत नाहीत का, की अंतःकरणांवर कुलपं पडलीत? म्हणजे अरबी येत असूनही कुलूप असू शकतं.

उलट १४ व्या सूरहच्या चौथ्या आयतीत म्हटलंय की प्रत्येक प्रेषित आपल्या लोकांच्या भाषेतच पाठवला गेला, त्यांना नीट उलगडून सांगता यावं म्हणून. आणि ३० व्या सूरहची २२ वी आयत तर मी बेळगावच्या प्रत्येक चौकात वाचून दाखवावी अशी आहे: तुमच्या भाषांचं आणि रंगांचं वेगळेपण ही त्याच्या निशाण्यांपैकी एक आहे.

विजापूरच्या सूफींना हे कळलं होतं. शाह मीरांजी शम्सुल उश्शाक यांनी अरबी-फारसी न येणाऱ्या साध्या माणसांसाठी दखनीत लिहिलं. त्या परंपरेत पुढं बायांनी जात्यावर म्हणायचे चक्कीनामे झाले. आपल्या ओव्या आणि ते चक्कीनामे एकाच दगडाच्या घरघरीत म्हटले गेले. तेव्हा ज्या भाषेत तुम्ही रागावता आणि रडता, त्या भाषेतल्या भाषांतरापासून निःशंक सुरुवात करा. मात्र भाषांतर म्हणजे मूळ कुरआन नव्हे, ती मूळ मजकुराची समजूत आहे, हे मनात असू द्या. एखादा शब्द अडला की दुसरं भाषांतर उघडा, उर्दू येत असेल तर उर्दूही बघा, कन्नड वाचता येत असेल तर कन्नडही. चार भाषांचा फायदा इथं होतो.

बैठकीची तयारी

फार काही लागत नाही. एक वही, वीस मिनिटं आणि बंद केलेला मोबाइल. अरबी मजकूर असलेली प्रत हाताळायच्या आधी मुसलमान वुजू करतात, म्हणजे ठरलेल्या रीतीनं हात-तोंड-पाय धुतात. ग्रंथ जमिनीवर ठेवत नाहीत, रेहलवर (घडीच्या लाकडी बैठकीवर) किंवा उंच जागी ठेवतात. इतर धर्माच्या मित्रांनी हातपाय धुऊन, नुसतं भाषांतर असलेली प्रत घेऊन बसावं. आमचे शिक्षक मित्र तसंच करतात आणि कुणालाही त्यात अवघडल्यासारखं होत नाही.

इमाम गझाली म्हणतात की वाचण्याआधी क्षणभर थांबून हे कुणाचं बोलणं आहे ते मनात आणावं. हे क्षणभर थांबणं तुम्ही टाळू नका.

गझाली कोण आणि त्यांचं का ऐकायचं

अबू हामिद गझाली हे १०५८ साली इराणमधल्या तूसमध्ये जन्मले. बगदादच्या निजामिया मदरशात ते सर्वांत नावाजलेल्या गादीवर होते. १०९५ मध्ये त्यांची वाचा बंद झाली, शिकवायला तोंड उघडेना, घास उतरेना. आपण अल्लाहसाठी शिकवतोय की नावलौकिकासाठी, हा प्रश्न त्यांना खात होता. शेवटी ते सगळं सोडून निघून गेले. पुढं 'इह्या उलूमिद्दीन' हा मोठा ग्रंथ त्यांनी लिहिला. त्यात कुरआन वाचण्याच्या रीतीवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. तिलावतीची, म्हणजे कुरआन वाचण्याची, दहा आंतरिक कामं ते सांगतात, आणि त्यांतलं सहावं आहे समजुतीच्या आड येणाऱ्या गोष्टींपासून स्वतःला मोकळं करणं. तिथं ते चार पडदे सांगतात. विद्वानाच्या गादीवर बसून, तिथला अहंकार स्वतः चाखून उठलेल्या माणसानं ते लिहिलंय, म्हणून मला ते खरं वाटतं.

पहिला पडदा: सगळं लक्ष उच्चारात

गझालींच्या मते पहिला पडदा म्हणजे मन केवळ अक्षरांच्या मखरजात, म्हणजे कुठलं अक्षर तोंडात कुठून काढायचं यात, अडकणं. अक्षर बरोबर निघालं की नाही अशी शंका सतत घालत राहणारा एक शैतानच वाचणाऱ्यांच्या मागं लावलेला असतो, असं ते म्हणतात. ज्याचं सगळं चित्त जिभेवर, त्याला अर्थ दिसायचा कुठून?

तजवीद, म्हणजे शुद्ध उच्चाराचे नियम, नको असं कुणी समजू नये. ती शिकलीच पाहिजे. पण मी लहानपणी काय शिकलो ते सांगतो. रमजानात आमच्यात खत्मची शर्यत असायची. आधी संपवणाऱ्याला खजूर आणि नवी टोपी. मी एका वर्षी तीन खत्म केले. 'ऐन' आणि 'हे' ही अक्षरं घशातून कशी काढायची ते मला झोपेतही यायचं. कुरआनच्या तीस पाऱ्यांत, म्हणजे भागांत, काय आहे, हे कुणी मला विचारलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही.

पैगंबर (स.) यांनी सांगितलंय की तीन दिवसांपेक्षा कमी वेळात ज्यानं कुरआन संपवलं, त्याला ते समजलं नाही. सहाबांची, म्हणजे पैगंबरांच्या साथीदारांची, चाल बघा: अब्दुल्लाह इब्न उमर (रजि.) यांनी एकटी सूरह बकरा शिकायला आठ वर्षं घेतली, अशी नोंद इमाम मालिक यांच्या 'मुवत्ता' या ग्रंथात आहे. इब्न मसऊद (रजि.) यांच्यासारखे लोक दहा आयती शिकायचे आणि त्यांतलं समजून अमलात आणल्याशिवाय पुढच्या दहांकडं जायचे नाहीत. खुद्द पैगंबरांनी एक अख्खी रात्र एकाच आयतीवर काढली. ती पाचव्या सूरहची ११८ वी आयत: तू यांना शिक्षा दिलीस तर हे तुझेच दास आहेत, आणि क्षमा केलीस तर तू सामर्थ्यवान आणि बुद्धिमान आहेस.

म्हणून नव्या माणसानं करायचं ते इतकंच: बैठकीला दहा आयती, जास्त नाहीत. वाचायच्या, अर्थ बघायचा, आणि ज्या आयतीवर मन अडलं तीच परत परत म्हणायची.

सुरुवात कुठून?

पहिल्या पानापासून सरळ शेवटपर्यंत जायचं ठरवलेली बहुतेक माणसं सूरह बकराच्या मध्यातच थांबतात. तिच्या २८६ आयती आहेत, त्यांत कायदे आहेत, इतिहास आहे, मदीनेतली भांडणं आहेत. मी फातिहा झाली की थेट शेवटच्या पाऱ्यात जायला सांगतो. आधी फातिहा, सात आयती. मग १०७ वी सूरह, माऊन. तिच्याही सातच.

माऊनबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण आमच्या बैठकीत नवा माणूस बहुतेक इथंच पहिल्यांदा मान वर करून बघतो. धर्माला खोटं ठरवणारा कोण, असं ही सूरह विचारते आणि लगेच उत्तर देते: जो अनाथाला धक्के मारून हाकलतो, जो गरिबाला जेवू घालायला कुणाला सांगत नाही. मग त्या नमाज्यांचं वाटोळं होवो असं म्हणते जे आपल्या नमाजेबद्दल गाफील आहेत, दाखवण्यासाठी करतात आणि 'माऊन' अडवून धरतात. हे माऊन काय? जुन्या लोकांनी सांगितलं: बादली, हंडी, कुऱ्हाड. शेजाऱ्यानं मागितली तर द्यायच्या साध्या वस्तू. विळी, परात, दोर, शिडी. आमच्या गल्लीत लग्न निघालं की चार घरांची पातेली एका घरात जमतात. त्या पातेल्यांच्या नावानं कुरआनात एक सूरह आहे. आणि नमाज पढून शिडी न देणाऱ्या माणसाला ती फार कडक शब्दांत बोलते.

आमचे शिक्षक मित्र ती वाचून म्हणाले, "चाचा, हे तर आमच्या आळीतलंच सांगतंय की." त्यांना अरबीचं एक अक्षर येत नव्हतं.

दुसरा पडदा: आधीच ठरवून बसणं

गझालींचा दुसरा पडदा तकलीदचा. माणूस एखाद्या गटाचं म्हणणं ऐकून त्यावर ताठ होतो. स्वतः बघून, समजून तिथवर आलेला नसतो. मग दुरून एखादा अर्थ विजेसारखा चमकला, तर आतला शैतान ओरडतो: हे तुझ्या बापजाद्यांच्या समजुतीच्या विरुद्ध आहे, तुझ्या मनात आलंच कसं? आणि माणूस दचकून मागं सरतो. याच अर्थानं सूफींनी विद्येलाच पडदा म्हटलं, असा खुलासा गझाली करतात. विद्या म्हणजे इथं वादावादीतून पाठ झालेली मतं.

आपल्याकडं हा पडदा कसा दिसतो? मुसलमान असेल तर तो आपल्या जमातीच्या चष्म्यातून वाचतो: ही आयत त्यांच्या विरुद्ध, ती आमच्या बाजूची. मुसलमान नसेल तर मोबाइलवर फिरून आलेले आयतींचे तुकडे मनात घेऊन बसतो आणि तेच शोधत पानं उलटतो. दोघांनीही कुरआन वाचलेलं नसतं. दोघांनी आपलंच मत वाचलेलं असतं.

यावर साधा उपाय आहे. वहीच्या पहिल्या पानावर, काही वाचायच्या आधी, कुरआनबद्दल तुम्हाला जे जे ठाऊक आहे असं वाटतं ते लिहून काढा. कुणाकडून ऐकलं तेही लिहा. ते पान फाडू नका आणि खरंखोटं ठरवायची घाईही करू नका. महिन्याभरानं ते परत वाचा. आणि कुठलीही आयत एकटी वाचू नका. तिच्या आधीच्या पाच आणि नंतरच्या पाच वाचल्याशिवाय तिच्यावर मत बनवायचं नाही.

तिसरा पडदा: गंज

हा सर्वांत जाड. गझालीही म्हणतात की सर्वांत मोठा पडदा हाच आहे आणि बहुतेक लोक यानंच अडलेत. एखाद्या पापावर अडून बसणं, अहंकार, किंवा संसाराच्या हावेत बुडणं. त्यांचा दाखला आरशाचा आहे. अंतःकरण हा आरसा, वासना हा त्यावरचा गंज, आणि कुरआनचे अर्थ म्हणजे त्यात उमटणारी प्रतिबिंबं. आरसा घासला तर दिसेल.

मला आरशापेक्षा कल्हई जवळची वाटते. लहानपणी आमच्या गल्लीच्या तोंडाला लिंबाखाली कल्हईवाला बसायचा. भाता, कोळसे, नवसागर आणि कथलाची कांडी. आम्ही पोरं भोवती उकिडवी बसायचो. त्याचा पोरगा आधी मोठ्या पातेल्यात वाळू आणि चिंध्या टाकून स्वतः आत उभा राहायचा आणि कमरेतून गरागरा फिरून पायानं ते घासायचा. घाम गळायचा, तरी बाप म्हणायचा, "अजून. कडेला काळं हाय." मग भांडं तापायचं, नवसागराचा पांढरा धूर उठायचा, कथील टेकवून कापसाचा बोळा फिरवला की चांदीसारखी लकेर धावत जायची. जिथं काळं राहिलं असेल तिथं मात्र ती लकेर थांबायची. कथील तिथं धरायचंच नाही. चूक कथलाची नसायची.

कुरआनात 'रान', म्हणजे गंज, हा शब्द ८३ व्या सूरहच्या १४ व्या आयतीत येतो. 'कल्ला बल रान अला कुलूबिहिम मा कानू यक्सिबून.' ही आयत सगळे उद्धृत करतात, पण ती कुठल्या सूरहत आहे याकडं फार थोडे बघतात. सूरहचं नाव मुतफ्फिफीन: मापात मारणारे. आपल्या भाषेत, काटा मारणारे. सुरुवातच अशी: काटा मारणाऱ्यांचा नाश असो, जे लोकांकडून घेताना पुरेपूर मापून घेतात आणि लोकांना मापून किंवा वजन करून देताना कमी देतात. निपाणीच्या तंबाखूच्या पेठेत ज्यांचं आयुष्य गेलं, १९८१ चं तंबाखू उत्पादकांचं आंदोलन ज्यांनी पाहिलं, त्यांना या आयतींचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

मग १३ व्या आयतीत तो माणूस येतो, ज्याच्यापुढं आयती वाचल्या की तो म्हणतो, या तर जुन्या लोकांच्या गोष्टी. आणि लगेच १४ वी: मुळीच नाही, तर त्यांच्या कमाईनं त्यांच्या अंतःकरणांवर गंज चढवलाय. 'यक्सिबून' हा शब्द 'कस्ब'पासून आहे, म्हणजे कमाई, मिळवणं. जो गंज चढला तो त्यांनी कमावलेला आहे. काट्यावर मारलेलं शंभर ग्रॅम जाऊन बसतं ते अंतःकरणावर. मग आयत ऐकून त्याला गोष्टच वाटते. आध्यात्मिक अडथळा म्हणजे काहीतरी धुरकट, साधुसंतांपुरतं प्रकरण, असं ज्यांना वाटतं त्यांनी या चौदा आयती ओळीनं वाचाव्यात. दुकानाच्या काट्यापासून आंधळेपणापर्यंतचा रस्ता तिथं सरळ दिसतो.

तिर्मिजी आणि इब्न माजा यांनी नोंदवलेल्या हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनात, हाच गंज उलगडून सांगितलाय. माणूस पाप करतो तेव्हा अंतःकरणावर एक काळा ठिपका पडतो. त्यानं ते सोडलं, क्षमा मागितली, तर ते लख्ख होतं. पुन्हा पुन्हा केलं तर ठिपके वाढून सगळं झाकून टाकतात, आणि कुरआनात सांगितलेला 'रान' तो हाच.

माझा स्वतःचा ठिपका सांगतो. मी वाचताना पेन्सिलीनं खुणा करतो. माझ्या प्रतीत जवळजवळ प्रत्येक पानावर रेघा आहेत. एकदा एका नव्या मुलाला सूरह निसा दाखवत होतो, तर वारशाच्या आयतींचं पान कोरं. सातव्या आयतीत म्हटलंय, आईबाप आणि नातेवाईक जे मागं ठेवून जातात त्यात पुरुषांचा हिस्सा आहे आणि स्त्रियांचाही हिस्सा आहे, थोडं असो वा जास्त. अकराव्या आयतीत मुलीचा वाटा आकड्यात सांगितलाय. वर्षानुवर्षं मी त्या पानावरून गेलो होतो आणि तिथं माझी पेन्सिल कधी थांबली नव्हती. कारण मला आतून ठाऊक होतं. अब्बा गेल्यावर शेताच्या हक्कसोडपत्रावर मी बहिणीची, आपाची, सही घेतली होती. सगळेच घेतात, अशी समजूत करून घेतली होती. ती काही बोलली नव्हती.

त्या रात्री मला झोप आली नाही. पुढच्या आठवड्यात मी तिच्याकडं गेलो. ती म्हणाली, "आता कशाला रं? मी काय मागितलं का?" मी म्हटलं, "तू नाही मागितलंस, आपा. लिहिलेलं आहे." तिचा हिस्सा तिच्या नावावर करायला सात महिने गेले. नंतर ते पान उघडलं तेव्हा मी त्यावर पहिली रेघ ओढली.

म्हणून या पायरीवर मी नव्या माणसाला एकच काम देतो, आणि ते बैठकीच्या बाहेरचं असतं. आपल्या व्यवहारातला एक काटा शोधा. एकच. गड्याची राहिलेली मजुरी असेल, परत न केलेली उधारी असेल, बहिणीचा हिस्सा असेल, ज्याच्याशी दहा वर्षं बोलत नाही तो भाऊ असेल. तो सरळ करायला हात घाला आणि वाचन चालू ठेवा. पूर्ण शुद्ध झाल्यावर वाचेन असं ठरवलं तर कधीच वाचणं होणार नाही. घासणं आणि वाचणं बरोबरीनं चालतं.

अहंकाराबद्दल थोडक्यात. सातव्या सूरहची १४६ वी आयत म्हणते की जे पृथ्वीवर हक्क नसताना अहंकार करतात, त्यांना मी माझ्या निशाण्यांपासून फिरवीन. आणि हा अहंकार धनाचाच असतो असं नाही. दाढीचा असतो, टोपीचा असतो, बैठक चालवण्याचा असतो. कैरोचे विद्वान जरकशी, जे १३९२ मध्ये वारले, त्यांनीही पडद्यांची यादी केली: मनात बिदअत (धर्मात घुसवलेली नवी गोष्ट) असणं, अहंकार, वासना, संसाराचं प्रेम, पापावर अडून बसणं, कच्चा विश्वास, फक्त वरवरचं ज्ञान असलेल्या भाष्यकारावर विसंबणं. काही पडदे इतरांपेक्षा घट्ट असतात, असंही ते म्हणतात.

चौथा पडदा: संपलं असं समजणं

एखादी तफसीर (कुरआनवरचं भाष्य) वाचली आणि आता यापलीकडं अर्थच नाही असं मानलं, हा गझालींचा चौथा पडदा. इब्न अब्बास, मुजाहिद यांच्यासारख्या सुरुवातीच्या भाष्यकारांकडून जे आलं तेवढंच, बाकी सगळी मनमानी, असं समजणारा माणूस कुरआनवर विचार करायचं थांबवतो. आणि कुरआन तर सांगतं, ३८ व्या सूरहच्या २९ व्या आयतीत, की हा बरकतवाला ग्रंथ आयतींवर विचार व्हावा म्हणूनच उतरवला.

पण नव्या माणसाला इथं उलट्या बाजूचा धोका जास्त आहे, आणि गझाली तोही सांगतात. बाहेरचा अर्थ नीट न शिकता आतलं गूढ सापडल्याचा दावा करणारा माणूस म्हणजे दारातून न जाता घराच्या मधोमध पोचल्याचं सांगणारा. आपल्या सोयीसाठी आयत वाकवणं, हीच खरी मनमानी. तेव्हा तुम्हाला जे सुचलं ते वहीत लिहा, आणि समोर प्रश्नचिन्ह घाला. मग तफसीर बघा, जाणकाराला विचारा. हराम-हलाल, तलाक, वारसा, असे विषय असतील तर स्वतः निकाल देऊ नका.

आपल्यालाच लिहिलेलं पत्र

पडदे ओळखल्यावर करायचं काम गझालींनी पुढं सातव्या ठिकाणी सांगितलंय: प्रत्येक आयत मलाच उद्देशून आहे असं समजणं. मालकाचं पत्र दास वाचतो तसं वाचणं, त्यात काय करायला सांगितलंय ते शोधत. जुन्या कथा आल्या तर त्या रात्री करमणुकीला सांगितलेल्या नाहीत हे ओळखणं.

पत्र कसं वाचतात हे मी नानीकडून शिकलो. माझे एक मामा सौदीला होते. पत्र आलं की नानी मला ओट्यावर बसवायची. तिला वाचता येत नव्हतं. मी भराभरा वाचायचो आणि पैशांचा आकडा आला की थांबायचो. ती म्हणायची, "ते न्हवं. वरचं वाच, जिथं त्यानं माझं नाव घेतलंय." तीच ओळ चार चार वेळा. मग विचारायची, "शाई पसरलीय का कुठं? रडत लिवलंय का बघ." पत्र पदरात बांधून ती दिवसभर फिरायची.

'दांभिक', 'इन्कार करणारे', 'मापात मारणारे' असे शब्द आले की आपल्याला लगेच कुणीतरी आठवतं. गल्लीतला अमुक, दुसऱ्या जमातीचा तमुक. ते नाव मनात आलं की तिथंच थांबा, आणि तीच आयत स्वतःचं नाव घालून परत वाचा. जड जातं. आमच्या बैठकीत यासाठी एक नियम आहे: आयतीबद्दल बोलताना तिसऱ्या माणसाचं उदाहरण द्यायचं नाही. नियम केल्यावर पहिले दोन रविवार कुणी फारसं बोललंच नाही.

काहीच वाटत नाही, असं झालं तर

होतं. कित्येक दिवस होतं. तेव्हा स्वतःला ओढून रडायला लावू नका आणि आपण गंजलेलेच आहोत असं म्हणून पुस्तकही मिटू नका. दुसऱ्याच्या तोंडून ऐका. पैगंबरांनी (स.) इब्न मसऊद (रजि.) यांना कुरआन ऐकवायला सांगितलं. ते म्हणाले, तुमच्यावर उतरलं आणि मी तुम्हाला ऐकवू? पैगंबर म्हणाले, मला दुसऱ्याकडून ऐकायला आवडतं. सूरह निसाच्या ४१ व्या आयतीपर्यंत आल्यावर त्यांनी पुरे म्हटलं, आणि इब्न मसऊद यांनी वर पाहिलं तर त्यांचे डोळे वाहत होते. घरात कुणाला तरी मोठ्यानं वाचायला सांगा. तुम्ही डोळे मिटून बसा.

पहिला महिना

पहिला आठवडा फातिहा, दुसरा माऊन, तिसरा मुतफ्फिफीन. तिच्या ३६ आयती आहेत, म्हणजे चार बैठका. चौथ्या आठवड्यात १२ वी सूरह, यूसुफ, उघडा. १११ आयतींत एका माणसाची सलग कथा, नवख्याला धरून ठेवणारी. पण तीही सपाटून वाचू नका. पहिल्या खेपेला १८ व्या आयतीपर्यंतच जायचं, दोन बैठकांत. तिथं भाऊ यूसुफचा सदरा खोटं रक्त लावून बापापुढं आणतात, आणि बाप म्हणतो, तुमच्या मनानं तुम्हाला एक गोष्ट सोपी करून दाखवली आहे; आता सुंदर धीर धरणंच उरलं. तिथं वही काढा आणि लिहा, इथवर तुम्ही कुणाच्या जागी उभं राहून वाचत होता: विहिरीतल्या पोराच्या, बापाच्या, की सदरा घेऊन आलेल्या भावांच्या.